पिवळी पडलेली नाही

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पत्ता भाच्याकडून मिळवला. तुझ्या लेकाने तो असा खाली मान घालून सांगितला, जणू आईला कुठल्या ठाण्यातून सोडवून आणायचंय.

तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. माझी गणितं तू सोडवून दिलीस. माझा नवरा गेला तेव्हा तू माझ्याकडे येऊन राहिलीस आणि मी जेवले नाही की तूही जेवत नव्हतीस. त्या हक्काने विचारते. एका झुडपासाठी कोणी घर सोडतं का?

दादाने तुला काय कमी केलं? व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, बाहेरचा नाद नाही. सगळं आयुष्य ड्रॉइंग बोर्डवर वाकून नकाशे काढलेला माणूस. वेडंवाकडं काही त्याला बघवत नाही, एवढाच काय तो दोष. झुडूप पिवळं पडलं होतं, त्याने छाटलं. मग ते वाळलं, त्याने काढून टाकलं. दुसरं आणता आलं असतं. तू मात्र बॅग भरून निघालीस, तीही कोणाला न सांगता.

भाचा म्हणतो, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईच्या वागण्यात फरक पडलाय, एकदा डॉक्टरला दाखवायला हवं. नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते की वहिनी हवापालटाला गेलीय. हवापालट किती दिवस पुरणार? दादा धड जेवत नाही. या वयात त्याने आता चूल पेटवायला शिकायचं का?

राग असेल तर माझ्यावर काढ. पण घरी ये.

तुझी,
बारकी

◆

१७ जानेवारी

वन्सं,

हा शब्द वाचून तुला कळलंच असेल. रागावल्याशिवाय मी तुला वन्सं म्हणत नाही, आणि रागावल्याशिवाय तूही मला इतकं लांब पत्र लिहिलं नसतंस.

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मी हो म्हणते. पत्रात कोणी रडलेलं ऐकू येत नाही, त्यामुळे नाही म्हणणं सोपं जातं. म्हणून तुझं उत्तरही पत्रानेच दे.

आता झुडपाचं सांगते, कारण तुला ते कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. दोऱ्याच्या कारखान्यात मी रंगखात्यात होते, हे तुला ठाऊक आहे. रिटायर झाले तेव्हा खात्यातल्या बायकांनी मला एक कुंडी दिली. बुटकी सोनेरी मोरपंखी. नेहमीची मोरपंखी हिरवीगार असते आणि वर वर जाते. ही जात बुटकी, गोल, आणि बारा महिने सोनेरी. कधी बोडकी होत नाही, फुलाचा तोरा नाही, कुठे जायची घाई नाही. वर्षाला बोटाच्या पेरांइतकी वाढते. जन्मभर मी दुसऱ्यांच्या दोऱ्यांना लिंबू, केशर, हळद, पिकलं पान अशी नावं लावली. या झाडात ती सगळी एकाच वेळी होती. पुढच्या दारापाशी, सकाळचं ऊन येतं त्या जागी मी ते लावलं. ते गुडघ्याला येईपर्यंत मी थांबले, बारके. घरात दुसरं काहीही माझ्या वेळाने वाढलेलं नव्हतं.

तुझ्या दादाला ते आजारी वाटायचं. पिवळं पडलंय, खत घाल. पिवळं पडलंय, औषध मार. मी दर वेळी सांगायची की हा रोग नाही, रंग आहे. मग मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेले. परत आले ती एका डोळ्याला पट्टी बांधून. ते मला हात धरून दाराशी घेऊन गेले आणि म्हणाले, "बघ, नीट केलं."

झाड चौकोनी केलं होतं. बाजूने आतल्या लाकडापर्यंत कापलेलं. मी सांगितलं की ही जात जुन्या लाकडातून पुन्हा फुटत नाही, तिथे आता कधीच हिरवं येणार नाही. ते म्हणाले, सगळी झाडं फुटतात. एक अख्खा मोसम वाट पाहिली. ते फुटलं नाही. एका सकाळी त्यांनी ते मुळासकट काढलं, त्या जागी फरशी बसवली आणि चहाला आत आले. मी त्यांना चहा दिला. मग बॅग भरली.

तू म्हणतेस, दुसरं आणता आलं असतं. आणलंय. तीन आणलीत.

एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागची खोली मी भाड्याने घेतलीय. एक खिडकी, एक शेगडी, आणि दवाखान्याच्या फाटकापासून दारापर्यंत मातीचा एक पट्टा. त्या म्हणाल्या, काय हवं ते लावा, काटे तेवढे नकोत. सुजलेल्या गालाचे लोक येतात आणि बाकावर बसून माझ्या झाडांकडे बघतात. काल एक गृहस्थ गालावर रुमाल धरून मला म्हणाले, "बाई, तुमच्या झाडांना कावीळ झालीय." मी म्हटलं, कावीळ कोणाला झालीय ते बघायला दुसरा डॉक्टर लागेल.

मी येत नाही.

वहिनी

◆

१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कावीळवाल्यावर हसले, हे कबूल. पण हसून प्रश्न सुटत नाहीत.

तू चौकोनी छाटल्याचं लिहिलंस. मला खरंच माहीत नव्हतं. तरी एक सांगू? त्याने ते प्रेमानेच केलं असणार. तू दवाखान्यात, घरात एकटा माणूस, हाताला काम नाही, म्हणून कात्री घेतली. कोणी हाताने सांगतं, कोणी तोंडाने. दादाला तोंडाने कधी सांगता आलं नाही.

आणि एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खटकली. याआधी तू नेहमी 'हे' लिहायचीस. या पत्रात सुरुवातीला 'तुझा दादा' झाला. माझ्या दादाला तू परत माझ्या पदरात टाकतेयस असं वाटलं.

आता चांगली बातमी ऐक. दादा फरशी काढायला तयार आहे. एक नाही, फाटकापासून दारापर्यंत अख्खी रांग लावतो म्हणाला. रोपवाटिकेत जाऊन चौकशी करून आला. दोन रोपांमध्ये किती अंतर, उंची किती राखायची, सगळं त्याने ठरवलंय. सगळी एका मापाची दिसतील असं बघणार आहे. एवढं कोण करतं?

मी बरी आहे. पडद्यांची कामं भरपूर आहेत, एका हॉटेलचे सगळे पडदे शिवायला आलेत. घर हल्ली अगदी नीटनेटकं असतं. चहा बरोबर चारला होतो, दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे नाही तर आकाराप्रमाणे लावलीत, शोधायला सोपं जातं. तू बघशील तर ओळखणार नाहीस.

विचार कर. उत्तर 'वन्सं'ने सुरू करू नकोस.

तुझी,
बारकी

◆

१२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझ्या घरी चहा चारला होतो? तुझा चहा कधी अकराला होतो, कधी विसरतेस, कधी दोनदा करतेस. आणि पडदे शिवणारी कुठली बाई दोऱ्याची रिळं आकाराने लावेल? तुझा दादा तुझ्याकडे राहायला आलाय. कधीपासून, ते विचारत नाही. हे मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. म्हणजे कोण बोलतंय आणि कोण वदवून घेतंय, ते मला कळलं असतं.

रांगेबद्दल : नको. एका मापाची रांग मला नकोच आहे. माझ्या तिघींतली एक डावीकडे कलली आहे, तिला तिकडून ऊन मिळतं. मधली बुटकी आहे, तिसरी थोडी भरली आहे. थंडीत तिघींच्या टोकांना तांब्याचा रंग चढला. डॉक्टरीणबाई घाबरल्या, म्हणाल्या मेल्या. मी फांद्या बाजूला करून आतला तपकिरी पाला दाखवला. तो जुना पाला, त्याचा त्याचा गळतो, आपण हलक्या हाताने झटकायचा. बाहेरचं जिवंत आहे की नाही ते बघायचं. ऊन वाढलं तशी सोनेरी टोकं परत आली.

तुझा भाचा येऊन गेला. माझ्यासाठी त्याने एका मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, मी डॉक्टरकडेच राहतेय, दातांच्या का होईना. तो हसला नाही. म्हणाला, आई, लोक काय म्हणतील? मी त्याला विचारलं, लोक म्हणजे नक्की कोण? यादी दे, मी एकेकाला भेटते. मग बाकावर बसून त्याने माझ्या हातचा चहा घेतला आणि जाताना पाया पडला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. माझं पोर वाईट नाही. त्याला आई तिच्या जागेवर हवी आहे, एवढंच. फर्निचरही आपण जागेवरच ठेवतो.

आता तुला एक सांगते, जे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू म्हणतेस एका झुडपासाठी. झाड शेवटी आलं, बारके.

लग्नानंतरची गोष्ट. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर आम्ही जेवायला गेलो होतो. रंगखात्यात एकदा कशी गंमत झाली, केशरी समजून मरून रंगाची हजार रिळं कशी निघाली, ते मी सांगत होते. सगळे हसत होते, मीही हसत होते. तुला माझं हसणं माहीत आहे, शेजारच्या घरी ऐकू जातं. टेबलाखालून माझ्या कोपराला हात लागला. दोन बोटं, हलकेच. मी थांबले. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. पण पुढे प्रत्येक समारंभात, प्रत्येक पाहुण्यापुढे ती दोन बोटं यायची. मी मोठ्याने हसले की, जास्त बोलले की, दुसऱ्यांदा वाढून घेतलं की. दुखायचं नाही. म्हणून कोणाला सांगताही यायचं नाही. काय सांगणार, नवरा कोपराला हात लावतो?

नंतर नंतर ते नसतानाही माझं हसणं मध्येच तुटायचं. आपण दोघी स्वयंपाकघरात बसलेलो असताना मी एकदम गप्प व्हायची, आठवतं? तू विचारायचीस काय झालं. काही नाही. कोपराला सवय झाली होती.

या खोलीत आल्यावर पहिल्या आठवड्यात एक म्हातारी दवाखान्यात आली. कवळी पर्समध्ये ठेवून ती घरभर शोधत बसली होती, ते सांगत होती. मी हसले. इतकी हसले की डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या. कोणी कुठे हात लावला नाही.

आता पुन्हा मला ये म्हणून लिहिणार असशील तर आधी हे दुसऱ्यांदा वाच.

तुझी,
वहिनी

◆

२० एप्रिल

प्रिय वहिनी,

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि उठायची. खरं सांगायचं तर तुझ्या कोपराच्या गोष्टीवर माझा विश्वास बसला नव्हता. म्हणजे घडलं असेल, पण तू ते वाढवून सांगतेयस असं वाटलं. भाऊ आहे माझा. लहानपणी सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचा.

तू ओळखलंस ते बरोबर होतं. तू गेलीस त्याच आठवड्यात दादा माझ्याकडे आला. चार दिवस म्हणाला. तुझ्यापासून लपवलं, कारण तू म्हणशील की मी त्याच्या बाजूची झाले. झालेच होते.

आधी मला बरं वाटलं. बोलायला माणूस झालं. मग त्याने भांडी उंचीप्रमाणे लावली. मग रिळं. मग गच्चीतला माझा वेल त्याने कठड्याच्या रेषेत कापला, कळ्या आलेल्या असताना. मी म्हटलं जाऊ दे, वेलच आहे. स्वतःचं हे वाक्य कानावर पडलं आणि मला तू आठवलीस. पण मी ते झटकलं.

गेल्या आठवड्यात हॉटेलच्या दोन बायका उरलेल्या पडद्यांचं कापड पसंत करायला आल्या होत्या. मी त्यांना सांगत होते की एका घरात मी पडदा उलटा टांगून आले आणि घरमालकीण वर्षभर म्हणत होती, काय नवीन फॅशन आहे. त्या हसायला लागल्या, मी पण. दादा शेजारी बसून टेप गुंडाळत होता. माझ्या कोपराला हात लागला, वहिनी. दोन बोटं. हलकेच.

माझं हसू तिथल्या तिथे बंद पडलं. त्या बायकांना कळलंही नाही. आणि मी नवरा गमावलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली, स्वतःच्या घरात बसलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून कापडाच्या घड्या करायला लागले. एका स्पर्शात. तू तो जन्मभर कसा सोसलास?

बायका गेल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, हे माझं घर आहे. इथे मी हसेन."

तो गोंधळला. म्हणाला, "अगं, आवाज बाहेर जात होता."

त्याला खरंच कळलं नाही. तो चिडला असता तर मी भांडले असते, तेही जमलं नाही. मी फक्त सांगितलं की आता तू तुझ्या घरी जा. वहिनी येईल किंवा न येईल, तिच्या नावाने तू माझ्याकडे राहू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पांघरुणाची घडी घातली, बॅग उचलली आणि गेला. घरी पोचला असेल. फोन केलेला नाही. मी पण नाही केला.

रिळं पुन्हा रंगाने लावली. वेलाचं काय होईल, माहीत नाही.

तुझी,
बारकी

◆

९ मे

प्रिय बारके,

तुझा दादा घरी गेला नाही. तो सरळ इथे आला.

मी झाडांना पाणी घालत होते. या दिवसांत दुपारचं ऊन त्यांना भाजून काढतं, म्हणून मी पश्चिमेकडून जुनी चादर बांधली होती. फाटकाशी कोणी उभं दिसलं. मला आधी पेशंट वाटले. बॅग हातात, दाढी वाढलेली. जन्मात त्यांची दाढी वाढलेली मी पाहिली नव्हती.

त्यांनी झाडांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पिवळी पडलीत."

"पिवळी पडलेली नाहीत. पिवळी आहेत."

ते बाकावर बसले. शेजारी एक बाई दाढ धरून बसली होती, तिच्या देखत आमचं बोलणं झालं. मी त्यांना आत बोलावलं नाही. पाणी दिलं. ते म्हणाले, घरी चल. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बारकीने मला काढलं. मी म्हटलं, चांगलं केलं. मग त्यांचं लक्ष कललेल्या झाडाकडे गेलं. हात पुढे झाला, सरळ करायला. मी नुसती बघत होते. हात परत मांडीवर आला.

"मी काय केलं?" त्यांनी विचारलं. भांडायला नाही, विचारायला.

मी कोपराचं सांगितलं. पहिल्या जेवणापासून. ते ऐकत होते. त्यांना त्यातलं एकही आठवत नव्हतं, बारके. एकही नाही. मला वाटलं होतं की ते ठरवून करायचे, आणि त्यांना ते आपण करतो हेही ठाऊक नव्हतं. मला यावर रडावं की फरशी उचलून आपटावी तेच कळेना.

शेवटी म्हणाले, "लोक तुला हसतील असं वाटायचं."

"लोक माझ्याबरोबर हसत होते," मी म्हटलं.

दाढवाली बाई म्हणाली, "बरोबर आहे." तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग मी माझं सांगून टाकलं. मी परत येणार नाही. घटस्फोट, कोर्ट, असलं मला काही नको, तुमच्याशी वैरही नको. पण मी इथे राहणार. तुम्हाला यायचं तर आधी फोन करून या, बाकावर बसा, चहा मी देईन. कात्री आणायची नाही. ते म्हणाले, मग मी जेवायचं काय? मी म्हटलं, बटाटे उकडण्यापासून सुरू करा. ते काही अवघड ड्रॉइंग नाही.

ते बॅग उचलून गेले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, हे तुझ्यापासून लपवणार नाही. इतकी वर्षं त्या माणसाच्या शर्टाला मी इस्त्री केली, आणि त्या दिवशी तो चुरगळलेला होता. तरी मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ते थांबले असते, आणि मग पुन्हा सगळं तेच.

वेलाचं : जमिनीपासून हातभर ठेवलाय का कापताना? मग फुटेल. वेल माझ्या मोरपंखीसारखे मानी नसतात.

तुझी,
वहिनी

◆

२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

वेल फुटला. भरपूर फुटला. आता तो शेजारणीच्या गच्चीत शिरलाय आणि मी त्याला काही म्हणत नाही.

आज पत्र लिहितेय ते सावध करायला. तुझ्या नातीचा वाढदिवस यंदा तुमच्या जुन्या घरात करायचं ठरलंय, कारण अंगण मोठं आहे. भाच्याने सगळ्यांना सांगितलंय की त्या दिवशी आई येणार आणि राहणार. तुझी खोली रंगवून घेतलीय. आमच्या आईच्या बहिणीला, मोठ्या मावशींना खास बोलावलंय, त्यांच्यापुढे कोणी नाही म्हणत नाही म्हणून. मावशी आल्या आल्या तुझा हात धरून आत नेणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि मग तू बॅग उचलून बाहेर कशी पडणार?

दादाला यातलं काही माहीत आहे की नाही, मला सांगता येत नाही. तो अधूनमधून फोन करतो. परवा विचारत होता, पांढरे आणि रंगीत कपडे वेगळे का धुवायचे. एका गुलाबी बनियनची गोष्ट होती. मी हसले, तर म्हणाला, हस.

माझं ऐकशील तर येऊ नकोस. तब्येतीचं कारण सांग. मी सांभाळून घेईन.

तुझी,
बारकी

◆

९ सप्टेंबर

प्रिय बारके,

मी येणार.

तब्येत माझी ठणठणीत आहे, तिच्यावर मी खोटा आळ घेणार नाही. तोंड लपवायला मी काय चोरी केलीय? नातीचा वाढदिवस आहे, आजी जाणार, जेवणार, आणि शेवटच्या बसने घरी परत येणार. घरी म्हणजे इथे. रंग कोणता लावलाय खोलीला ते तेवढं बघून ठेव, मला उत्सुकता आहे.

मोठ्या मावशींना मी घाबरते, ते खरं. तू माझ्याजवळ बस.

इकडे सगळं ठीक. मधल्या बुटकीवर कोणाचा तरी मुलगा बसला आणि फांदी मोडली. मोडलेली फांदी साफ कापली, बाकी हात लावला नाही. आता तिला एका बाजूला खळगा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बदलून टाका, दुसरी आणा. मी म्हटलं, तुम्ही पडलेल्या दाताबरोबर माणूस बदलता का? पावसाचं पाणी साचत होतं म्हणून पट्ट्याला उतार काढून दिला. या झाडांना तहान चालते, पाण्यात उभं राहणं चालत नाही.

भेटू.

वहिनी

◆

२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तू बसमध्ये चढलीस त्यानंतरचं तुला माहीत नाही, आणि ते मीच सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

आधी तुझं. तू आलीस तेव्हा मी फाटकापाशीच होते. भाच्याने बॅग घ्यायला हात पुढे केला आणि तू ती दिली नाहीस. मावशींनी तुझा हात धरून सगळ्यांसमोर म्हटलं, "आली बाई माझी घरची लक्ष्मी," तेव्हा मी पुढे सरकून तुझ्याजवळ उभी राहिले. आणि तू त्यांना नमस्कार करून म्हणालीस, "आले, पण पाहुणी म्हणून. संध्याकाळी निघेन." इतक्या साध्या आवाजात, जणू उद्या भाजी आणायला जायचंय. टाळ्या वाजवायला उचललेले हात सगळ्यांनी कुठे ठेवले, कोण जाणे. नंतर तू रंगवलेली खोली बघितलीस आणि भाच्याला म्हणालीस, रंग छान आहे, इथे आता तुझ्या मुलीला खेळू दे. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पण पोरगी उड्या मारत खोलीत शिरली, आणि मग तो तिच्यामागे गेला.

आता पुढचं. तू गेलीस. माणसं निघायला लागली. खुर्च्या आवरायच्या होत्या. मावशी मध्यभागी बसल्या होत्या आणि त्यांचा राग मावत नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देवासारखा नवरा, सोन्यासारखा संसार, आणि बाईला काय खुपलं कोणाला ठाऊक. डोकं फिरलंय. औषध द्या तिला."

भाचा जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडणार होते, खरंच उघडणार होते. पण दादा बोलला. तो खुर्च्या एकावर एक रचत होता, पाठ आमच्याकडे.

"तिचं डोकं ठीक आहे, मावशी. ती माझ्यामुळे गेली."

मावशी म्हणाल्या, "तू काय केलंस बाबा?"

"बरंच," तो म्हणाला, आणि पुढची खुर्ची उचलली.

एवढंच. त्याने वळून पाहिलं नाही, कोणी काही म्हणेल याची वाट पाहिली नाही. सगळ्या खुर्च्या आवरून झाल्यावर त्याने उरलेलं जेवण डब्यात भरलं, भांडी घासायला घेतली, आणि मी मदतीला गेले तर म्हणाला, जमतं मला.

हे सगळं तू परत यावंस म्हणून लिहीत नाहीये. गैरसमज करून घेऊ नकोस. उलट सांगते, येऊ नकोस. तू तिथे राहिलीस म्हणून त्याच्या तोंडून हे निघालं. आज तू बॅग घेऊन परत आलीस तर आठवड्याभरात तो हे विसरेल, आणि मावशी म्हणतील, पाहा, मी म्हटलं नव्हतं. मी त्याची बहीण आहे, मला कळतं.

शनिवारी मी तुझ्याकडे येतेय. चार दिवस राहीन, माझं अंथरूण घेऊन येते. खिडकीचं माप मला कळव, तुझ्या खोलीला पडदा शिवायचाय. कापड मी निवडलंय. इथल्या दुकानदाराने विचारलं, ताई, एवढं पिवळं? मी म्हटलं, हो, एवढंच.

तुझी,
बारकी